लहानांचा दुभाषा



केडगावला भाषांतराचे मोल नव्याने सांगायला नको. पंडिता रमाबाईंनी येथे राहून मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. त्यांच्या पश्चात, १९२४ साली, ते येथल्याच छापखान्यातून स्त्रियांच्या हातून बाहेर पडले. बेताचे शिकलेल्या बाईलाही ते कळावे, हा रमाबाईंचा आग्रह. भाषांतर कोणासाठी, हे त्यांनी आधी ठरवले. आज आम्ही यंत्राच्या भाषांतराविषयी बोलणार आहोत. तेथेही प्रश्न हाच आहे.

घरातल्या व कारखान्यातल्या कितीतरी यंत्रांच्या पोटात एक छोटा प्रोसेसर असतो. माणूस आज्ञा लिहितो एका भाषेत, प्रोसेसरला कळतात फक्त आकडे. मधला दुभाषा म्हणजे कंपायलर.

रेनेसास या जपानी कंपनीचे आरएल-७८ हे प्रोसेसरांचे घराणे घ्या. त्यातल्या सर्वांत धाकट्याचे नाव जी-१०. त्याच्या लहानात लहान नगाची कामाची स्मृती अवघी १२८ बाइट. रोमन लिपीतल्या दोन ओळी मावतील एवढीच! थोरल्या भावंडांना हाताशी रजिस्टरांचे, म्हणजे कप्प्यांचे, चार संच, याला एकच. मधल्या जी-१३ ला मोठ्या आकड्यांच्या गुणाकाराची आणि भागाकाराची आज्ञा नाही. तो हिशेब शेजारच्या वेगळ्या भागाकडून करवून घेतो.

आता थोरल्यासाठी केलेले भाषांतर धाकट्याच्या गळ्यात घातले तर काय होईल? जे कप्पे नाहीतच, त्यांत तो सामान शोधत बसेल. मोठ्या गिरणीची पाळीपत्रके पाच माणसांच्या कारखान्याला लावणारे व्यवस्थापक आम्ही पाहिले आहेत. काम अडले की दोष मात्र माणसांचा!

जीसीसी या कंपायलरने तसे केले नाही. जी-१० साठी एका कामाने दुसऱ्याला निरोप द्यायची रीतच निराळी ठरवली. जी-१० चे तुकडे इतरांच्या तुकड्यांत मिसळले, तर जोडणारा प्रोग्राम जोडणीच नाकारतो. पुढे यंत्र फसण्यापेक्षा दारातच अडवलेले बरे.

हा दुभाषा कोणाच्या मालकीचा? रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जीसीसी लोकांपुढे ठेवला, तो कोणालाही वाचता, सुधारता आणि वाटता यावा म्हणून. २०१२ साली पुण्याच्या केपीआयटी कमिन्स कंपनीने सीआर-१६ या छोट्या प्रोसेसरसाठी लागणारा भाग त्यात घातला. आपल्याच जिल्ह्यातल्या नोकरदारांचे ते श्रम. त्यांना पगार मिळाला आणि काम सर्वांचे झाले. श्रमाची अशी सोय आम्हाला फार थोड्या ठिकाणी दिसली आहे.

दुभाषा बंद तिजोरीत असला, तर स्वस्त प्रोसेसरला तो मिळावा की नाही, हे नफा ठरवतो. तो उघडा असला, तर ज्याला गरज आहे तोच उठून कामाला लागू शकतो. येथल्या तरुणांनी हे काम शिकावे. लहानाला मोठ्याचे उष्टे माप देऊ नये. त्याचे माप घेऊन त्याच्यासाठी नवे शिवावे.