गोधडीची मांडणी

(विहाराच्या महिला मंडळापुढे केलेले भाषण)



आपल्या विहाराच्या गोधडीबद्दल दोन शब्द बोलायला मला उभे केले आहे. पस्तीस घरांतून पस्तीस तुकडे आले, त्याला बरीच वर्षे झाली. गाठोडे अजून कपाटातच आहे. तुकडे देणाऱ्या काही जणी आज आपल्यात नाहीत. ज्यांचा टाका बारीक, त्यांना आता सुई ओवून द्यावी लागते. मग अडले कुठे? दोन गोष्टींवर. मधोमध कोणाच्या घरचा तुकडा लावायचा? आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेताना एका आजीने नेसलेले पांढरे लुगडे कापायचे की नाही?

बायांनो, याचे उत्तर विनयपिटकात आहे. महावग्गात चीवराचे प्रकरण आहे. तथागत राजगृहाहून दक्षिणागिरीकडे निघाले असता वाटेत मगधाची शेते लागली. उभे पट्टे, आडवे पट्टे, मध्ये बांध, बांधाला बांध मिळेल तिथे चौक. भिक्षूंची चीवरे अशी करता येतील का, असे त्यांनी आनंदांना विचारले. आनंदांनी ती बेतून शिवली आणि तथागतांनी त्यांच्या बुद्धीचे कौतुक केले. भन्तेंच्या चीवरावरची शिवण नीट पाहा, ते शेतच आहे. पुढे नियमही झाला, की न कापलेले चीवर वापरू नये. कापलेल्या कापडाचा चोराला लोभ राहत नाही, आणि अंगावर घेणाऱ्यालाही त्याचा तोरा राहत नाही.

म्हणून मी सुचवते ते असे. आपली गोधडीही शेतासारखी मांडू. आडवे पाच, उभे सात, झाले पस्तीस. प्रत्येक तुकडा शिवून झाल्यावर नऊ इंच, म्हणजे एक वीत चौरस. दोन तुकड्यांमध्ये आणि चारी कडांना दोन इंचाचा पांढरा बांध, तो त्या लुगड्याचा. गोधडी होते सत्तावन्न इंच रुंद, एकोणऐंशी इंच लांब. एका माणसाला पुरून उरते.

लुगडे सबंध कापायचे नाही. शिवणीसकट तीन इंची पट्ट्या धरल्या तर नऊवारीच्या लांबीच्या तीन पट्ट्या पुरतात, म्हणजे पन्ह्यातली फक्त एक वीत. बाकीचे घडी करून विहारात राहील. कापड जुने आहे, म्हणून पट्टीखाली मांजरपाट लावू. मधोमध ठेवले असते तर आजीचे लुगडे एकाच जागी दिसले असते. आता ते पस्तीसही घरांच्या तुकड्यांना लागून राहील.

आता मधल्या मानाचे. तो कोणालाच नको. जागा कापड ठरवील, घर नाही. कडेला वीस तुकडे बसतात, आत पंधरा. कड ओढली जाते, लवकर फाटते, म्हणून जाड, टिकाऊ कापड कडेला आणि विरलेले, मऊ कापड आत. गडद रंग एकाच बाजूला गोळा होऊ देऊ नका. जमिनीवर सगळे अंथरा, स्टुलावर उभे राहून डोळे किलकिले करून बघा, कुठे जड दिसते ते लगेच कळते. गडद तुकडे आधी वेगवेगळे भिजवा. लाल किंवा निळ्याचे पाणी सुटत असेल तर ते निवळेपर्यंत धुवा, नाहीतर पांढरा बांध डागाळेल. मांडणी ठरली की प्रत्येक तुकड्याला आकड्याची चिठ्ठी टाचा. आधी आडव्या ओळी जोडा, मग ओळीला ओळ. शेवटी आतले थर आणि अस्तर घालून चौघींनी चार बाजूंना बसावे आणि कडेकडून आत धावदोरा घालत यावे.

कठीण चीवर भिक्षुसंघाला एकाच दिवसात कापून, शिवून पुरे करावे लागते. एकट्याला ते होत नाही, सगळे हात लागतात. आपण दिवस नको, एक वर्षावास घेऊ. येत्या आषाढी पौर्णिमेला मांडायला बसू, आश्विनी पौर्णिमेला शेवटचा टाका घालू.

आणि झालेली गोधडी काचेच्या कपाटात नको. हिवाळ्यात शिबिराला येणाऱ्या लेकरांच्या अंगावर ती पडू द्या. आजीनेही लुगडे नेसण्यासाठीच घेतले होते.

एवढे बोलून मी माझे शब्द पुरे करते. कात्री मी आणली आहे, पहिला काप सर्वांत थोरल्या बाईंनी द्यावा.

नमो बुद्धाय, जयभीम!