सोबत सुटल्यानंतर

घर सोडून दूरच्या वाटेला लागावयाचे म्हणजे माणूस प्रथम सोबत पाहतो. बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील वारकरी पंढरीस निघतो तो दिंडीत मिसळून. सागरावर जाणाऱ्यांचीही रीत हीच. १९८६ साली जिमी कॉर्नेल यांनी कॅनरी बेटांहून अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या शिडाच्या नौकांची सामुदायिक सफर सुरू केली. पहिल्याच वर्षी तीत २०० हून अधिक नौका सामील झाल्या. नौकेवरच बिऱ्हाड थाटून जग पाहू इच्छिणारी कित्येक कुटुंबे आजही अशाच सफरीतून आपल्या नव्या आयुष्याचा श्रीगणेशा करतात. निघण्याचा दिवस ठरलेला असतो, तयारीची तपासणी होते, आणि आपण एकटे नाही हा धीर मिळतो. परंतु बंदर सुटल्यावर थोड्याच दिवसांत शिडे एकमेकांच्या दृष्टीआड होतात. मग पुढे काय?

श्रोतेहो, या प्रश्नाचे एक जुने उत्तर समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या बीदर नगरीत सापडते. बहामनी राज्याच्या या राजधानीत १४७० च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी येऊन राहिला होता. व्होल्गाकाठच्या त्वेर नगराचा तो रहिवासी. कास्पियन समुद्रापलीकडील शिरवान प्रांतात व्यापार करावा, एवढाच त्याचा मूळ बेत होता. शिरवानच्या शहाचा वकील हसन बेग मॉस्कोहून परतणार असे कळताच निकितीन वाटेत दोन आठवडे त्याच्यासाठी थांबला. राजाच्या वकिलाचा ताफा म्हणजे भक्कम सोबत, हा त्याचा हिशेब होता.

तो हिशेब चुकला. अस्त्राखानजवळ तातारांनी ताफा लुटला. निकितीन वकिलाच्या मोठ्या जहाजावर होता. परंतु त्याचा माल लहान जहाजावर होता, आणि तो सारा गेला. पुढे कास्पियन समुद्रात वादळ झाले. एक जहाज किनाऱ्यावर आदळून फुटले व त्यावरील माणसे कैद झाली. वकिलाच्या मध्यस्थीने ती सुटली खरी. परंतु परतीच्या खर्चासाठी शहापुढे केलेली विनवणी व्यर्थ ठरली. सोबती रडत रडत एकमेकांपासून दुरावले. ज्यांचे मायदेशी काही होते ते माघारी गेले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते वाट फुटेल तिकडे गेले.

निकितीन पुढे निघाला. इराण ओलांडून तो होर्मुझ बंदरी पोहोचला आणि एक घोडा बरोबर घेऊन जहाजाने आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल येथे उतरला. त्या काळी दक्षिणेत परदेशी घोड्यांना मोठी किंमत येई. परंतु जुन्नरच्या खानाने तो घोडाच हिरावून घेतला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल असे बजावले. तेव्हा खोरासानच्या ख्वाजा महंमद नावाच्या गृहस्थाने रदबदली करून त्याचा घोडा आणि धर्म दोन्ही वाचविले. ओळख ना देख. परंतु ज्या वकिलाच्या भरवशावर तो घरून निघाला होता, त्याच्यापेक्षा हा परका माणूस अधिक उपयोगी पडला.

बीदरला येऊन त्याने घोडा विकला. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद येथील दहा दिवसांच्या जत्रेचेही वर्णन त्याने केले आहे; तेथे २०,००० घोडे विक्रीस येत, असे तो लिहितो. परंतु बाजाराच्या या गजबजाटात त्याचे मन मात्र एकाकी होते. लुटीत त्याची धर्मपुस्तके गेली होती. ईस्टर केव्हा, उपवास केव्हा, हे अंदाजाने ठरवावे लागे. गाव सुटले होते, सोबती पांगले होते. आता दिवसांचे गणितही सुटले.

अशा स्थितीत त्याने बीदरच्या हिंदू रहिवाशांना आपण ख्रिस्ती असल्याचे मोकळेपणाने सांगितले. तेव्हापासून खाणेपिणे, व्यापार, पूजाअर्चा यांपैकी काहीही त्यांनी त्याच्यापासून लपविले नाही. इतकेच नव्हे, तर त्यांच्याबरोबर तो ‘पर्वत’ या तीर्थास महिनाभर चालत गेला. हे ठिकाण म्हणजे श्रीशैल होय, असे अभ्यासक मानतात. वकिलाच्या ताफ्यातून निघालेला हा ख्रिस्ती व्यापारी अखेर बीदरच्या यात्रेकरूंच्या मेळ्यात सामील झाला होता.

पुढे दाभोळ बंदरातून तो परतीस लागला. परंतु घरी पोहोचला नाही. स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच त्यास मृत्यू आला. त्याची टिपणे मात्र १४७५ साली मॉस्कोस पोहोचली, आणि ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ या नावाने अमर झाली.

निघताना सोबत अवश्य असावी. तिच्यावाचून बहुतेकांचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडतच नाही. परंतु ती शेवटपर्यंत पुरेल असे धरून चालू नये. निकितीनची पहिली सोबत कास्पियनच्या काठी संपली. दुसरी त्याला बीदरमध्ये लाभली, आणि ती त्याने पैशाने नव्हे, तर खरे बोलून मिळविली.