मूत्राशयाचा कर्करोग : एका अक्षराची चूक



चंद्रपूर जिल्ह्यातले घुग्घुस हे कोळशाचे, सिमेंटाचे आणि लोखंडाचे गाव. वैशाखात या भागात उन्हाचा पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. अशा दिवसांत कुणाला लघवी लाल झाली, की घरातले वडीलमाणूस म्हणते, "उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचे पाणी पी." दोन दिवसांनी लघवी पुन्हा स्वच्छ होते. औषध लागू पडले असे सर्वांना वाटते, आणि ती गोष्ट विसरली जाते.

येथे एक भेद नीट लक्षात ठेवला पाहिजे. उन्हाळीत जळजळ होते. मुतखड्यात कंबरेतून कळ येते. परंतु न दुखता, न जळता लघवीतून रक्त गेले, तर तो निराळा इशारा असू शकतो. मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण बहुधा हेच असते, आणि ते फसवे असते ते याच कारणाने की, रक्त एकदा दिसते आणि पुढे कित्येक आठवडे दिसत नाही. रक्त थांबले म्हणजे रोग गेला, असा त्याचा अर्थ नव्हे. लघवीत रक्त दिसलेल्या प्रत्येकाला कर्करोग असतो असेही नाही, बहुतेकांना नसतो. पण तो नाही, हे तपासणीने ठरवायचे असते, अंदाजाने नव्हे.

हा रोग होतो तरी कसा? याचा पहिला धागा सापडला तो कारखान्यात. १८९५ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे लुडविग रेन या शल्यवैद्यांनी दाखवून दिले, की कृत्रिम रंगांच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयात गाठी होत आहेत. पुढे १९३८ साली अमेरिकेत विल्हेल्म ह्यूपर यांनी नॅफ्थिलअमाइन नावाचे रंगधंद्यातले द्रव्य कुत्र्यांना देऊन त्यांच्या मूत्राशयात गाठी उत्पन्न झाल्याचे सिद्ध केले. याच जातीची द्रव्ये तंबाखूच्या धुरात असतात. विडी किंवा सिगारेट ओढणारा मनुष्य धूर घेतो फुप्फुसात, पण त्यातले विष रक्तातून यकृताकडे आणि मूत्रपिंडांकडे जाते, लघवीत उतरते आणि मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते. धूर छातीत आणि रोग मूत्राशयात, असे का, याचे उत्तर हे आहे. न ओढणाऱ्यापेक्षा ओढणाऱ्याला हा रोग होण्याची शक्यता सुमारे तिप्पट असते.

घुग्घुसच्या खाणकामगारांच्या मनात येथे सहजच प्रश्न येईल की, कोळशाच्या धुळीचे काय? कोळशाच्या धुळीचा सिद्ध झालेला मोठा अपाय फुप्फुसांना आहे. मूत्राशयाच्या बाबतीत पहिला आरोपी धुराचा आहे, आणि दुसरा रंग आणि रबर यांच्या जुन्या धंद्यांतील रसायनांचा. तेव्हा खाणीला दोष देऊन हातातली विडी तशीच ठेवली, तर हिशोब चुकतो.

आता प्रश्न असा की, हे विष मूत्राशयाच्या पेशीत जाऊन नेमके करते काय? प्रत्येक पेशीत डी. एन. ए.चा एक लांबलचक लेख असतो. तो चार अक्षरांत लिहिलेला आहे आणि त्यातल्या एकेका परिच्छेदाला आपण जनुक म्हणतो. १९८२ साली अमेरिकेतील तीन प्रयोगशाळांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींतील 'रास' नावाचे जनुक निरोगी पेशीतल्या त्याच जनुकाशी अक्षराला अक्षर लावून ताडून पाहिले. फरक निघाला एका अक्षराचा! त्या एका चुकीने प्रथिनाच्या साखळीतली बारावी कडी बदलली होती, आणि थांबण्याचा हुकूम न मानता पेशी वाढत सुटली होती. या कामातील एका निबंधाचे पहिले लेखक भारतात शिकलेले शास्त्रज्ञ ई. प्रेमकुमार रेड्डी हे होते. मानवी कर्करोगाच्या मुळाशी असलेली अशी अक्षराची चूक प्रथमच हाती लागली, आणि ती मूत्राशयाच्या गाठीत लागली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यानंतर पुष्कळ चुका सापडल्या. १९९९ साली फ्रान्समधील संशोधकांनी 'एफ. जी. एफ. आर. ३' या जनुकातील दोष दाखवला. हे जनुक पेशीच्या दारावरची घंटा बनवते. बाहेरून निरोप आला की घंटा वाजावी आणि पेशीने वाढावे, असा नियम. दोष आला की घंटेची कळ दाबलेलीच राहते. बाहेर कुणी नसले तरी ती वाजतच राहते. उलट 'पी ५३' हे जनुक गाडीच्या ब्रेकसारखे आहे. ते निकामी झाले की वाढ आवरत नाही. अडकलेली घंटा प्रामुख्याने वरवरच्या गाठींत आढळते, तर तुटलेला ब्रेक खोल गेलेल्या गाठींत अधिक. २०१४ साली खोल गेलेल्या १३१ गाठींचा, आणि २०१७ साली अशाच ४१२ गाठींचा संपूर्ण जनुकलेख वाचून प्रसिद्ध झाला. त्यावरून कळले की, सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून अनेक तऱ्हांच्या असतात, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक गाठींत औषधाने नेम धरावा असे एखादे ठिकाण तरी आहे.

असा नेम धरणारी औषधे आता आली आहेत. अडकलेली घंटा बंद करणारे अर्डाफिटिनिब हे औषध अमेरिकेत २०१९ साली मान्य झाले. दुसरी युक्ती टपालाची आहे. या कर्करोगाच्या पेशींवर 'नेक्टिन ४' नावाचे प्रथिन पुष्कळ असते, म्हणजे पाकिटावरचा पत्ताच म्हणा. तो पत्ता ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला विषाची लहानशी पुडी बांधून रक्तात सोडतात, आणि पुडी पेशीच्या आत गेल्यावरच उघडते. या औषधाला शरीराची प्रतिकारशक्ती मोकळी करणाऱ्या दुसऱ्या औषधाची जोड देऊन ८८६ रोग्यांवर चाचणी झाली. पसरलेल्या रोगात जुन्या उपचाराने निम्मे रोगी सुमारे १६ महिने जगत; नव्या जोडीने हा काळ साडेएकतीस महिन्यांवर गेला. हे निकाल २०२४ साली प्रसिद्ध झाले. पसरलेला रोग समूळ गेला असे नव्हे, पण आयुष्याची मुदत जवळजवळ दुप्पट झाली, ही लहान गोष्ट नाही.

ही औषधे फार महाग आहेत, आणि ती आहेत रोग पुढे गेल्यावरची. त्यामुळे आपल्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट निराळीच आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातच तयार होते. लहानपणी क्षयाच्या प्रतिबंधासाठी दंडावर टोचलेल्या बी. सी. जी. लशीचा व्रण आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगावर आहे. १९७६ साली कॅनडातील डॉक्टर अल्व्हारो मोरालेस यांनी हेच बी. सी. जी. नळीने मूत्राशयात सोडून वरवरच्या गाठी पुन्हा येणे रोखता येते, असे नऊ रोग्यांवरून दाखवले. आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे ते देतात. ते जिवंत पण निर्बल जंतू मूत्राशयाच्या अस्तरात शरीराच्या संरक्षक पेशींना गोळा करतात, आणि त्या जंतूंबरोबर कर्करोगाच्या पेशींचाही समाचार घेतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये मूत्राशयासाठी असे बी. सी. जी. बनते. जर्मनीत याच जंतूच्या जनुकांत फेरफार करून एक नवे बी. सी. जी. तयार झाले. त्यातील एक जनुक काढून त्याजागी दुसऱ्या जंतूचे जनुक बसवले आहे, जेणेकरून शरीराची संरक्षक फौज अधिक सावध व्हावी. ते पुढे नेण्याच्या कामातही सीरमचा वाटा आहे. जुन्या बी. सी. जी.नंतरही ज्यांचा रोग उलटला, अशा सुमारे ४० रोग्यांवर स्वित्झर्लंड आणि जर्मनीत त्याची चाचणी झाली, आणि वर्षभरानंतर त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या मूत्राशयात रोग पुन्हा आलेला नव्हता.

मात्र बी. सी. जी. उपयोगी पडते ते रोग अस्तरापुरता असेपर्यंतच. कोळशाचा ढीग आपोआप तापतो आणि पेटतो, हे घुग्घुसच्या माणसाला सांगायला नको. धूर दिसताच तेवढा भाग उपसून विझवला, तर ढीग वाचतो. आग खाली थरात उतरली, की वर्षानुवर्षे धुमसत राहते. मूत्राशयाचेही तसेच आहे. गाठ अस्तरात असेल तर दुर्बिणीतून खरवडून काढता येते आणि मूत्राशय राहते. ती स्नायूत उतरली, की बहुधा मूत्राशयच काढावे लागते, किंवा किरणोपचार आणि औषधे यांचा मोठा मार्ग धरावा लागतो. या दोहोंतील अंतर पुष्कळदा काही महिन्यांचेच असते, आणि ते महिने आपण धने-जिऱ्याच्या पाण्यावर घालवतो. स्त्रियांच्या बाबतीत तर लाल लघवीचा संबंध पाळीशी किंवा साध्या जंतुदोषाशी लावून आणखी वेळ जातो.

म्हणून करावयाच्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. न दुखता लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच का असेना, तर लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. वय चाळिशीच्या पुढे असेल आणि विडी-सिगारेटची सवय असेल, तर दुर्बिणीने मूत्राशय पाहण्याविषयी डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. आपल्याकडे चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि किरणोपचार यांची सोय आहे. ज्यांची गाठ एकदा काढली आहे, त्यांनी दुर्बिणीच्या पुढच्या तारखा चुकवू नयेत. हा रोग परत येण्यात मोठा हट्टी आहे.

आणि विडी सोडावी. शेजारच्या गडचिरोलीत डॉक्टर अभय बंग यांच्या पुढाकाराने २०१६ पासून 'मुक्तिपथ' ही दारू आणि तंबाखूविरोधी चळवळ गावोगाव चालली आहे. जे तेथे जंगलातल्या पाड्यांवर होऊ शकते, ते आपल्या कामगार वसाहतींत होण्यास हरकत नसावी. विडी सोडल्यावर धोका एका दिवसात जात नाही, पण वर्षागणिक उतरत जातो.

शास्त्रज्ञांनी पेशीच्या लेखातले एक चुकलेले अक्षर शोधण्यासाठी जन्म वेचले. लाल लघवीचा इशारा वाचण्यासाठी आपल्याला प्रयोगशाळा लागत नाही. तो ज्याने वेळेवर वाचला, त्याच्यासाठी या साऱ्या संशोधनाचा उपयोग सर्वांत अधिक आहे.