यमनवर सुई उडते

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी म्हसवडचा. माण तालुका म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो, मेंढरं आठवतात, मार्गशीर्षातला सिद्धनाथाचा रथ आठवतो. मला माझं गाव आठवतं ते कर्ण्यातून. आमच्या अब्बांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. दोन कर्णे, एक अँप्लिफायर, एक बॅटरी, एक रेकॉर्ड प्लेअर आणि चहाच्या लाकडी खोक्यात उभ्या लावून ठेवलेल्या तबकड्या, एवढं आमचं भांडवल. लग्न असो, बारसं असो, उरूस असो की जत्रा, अब्बा सायकलला कर्णा बांधून निघायचे. प्रल्हाद शिंदे त्यांचे फार आवडते. "हा माणूस विठ्ठलालाही हाक मारतो आणि कव्वालीही गातो. एका गळ्यात माझी दोन्ही गिऱ्हाइकं भागतात," असं हसत म्हणायचे.

आज मला बोलायचं आहे ते तबकड्या विकत घेण्याबद्दल आणि त्या एका गावाहून दुसऱ्या गावाला धाडण्याबद्दल. तुम्ही म्हणाल, हा कुठला मेलेला विषय काढला! पण तो मेलेला नाही. अमेरिकेत 2020 साली तबकड्यांच्या विक्रीची रक्कम सीडीच्या रकमेच्या पुढं गेली. 1986 नंतर असं पहिल्यांदाच घडलं. पुढं 2022 साली नगांच्या संख्येतही तबकडीनं सीडीला मागं टाकलं. जी वस्तू आपण माळ्यावर टाकली, तिच्यासाठी आज जगभरातली तरुण पोरं पैसे साठवतात.

खरं तर तबकडीचा जन्मच प्रवासात झाला. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. पण तबकडी छापायचा कारखाना तेव्हा आपल्याकडे नव्हता. मूळ मुद्रण जहाजानं जर्मनीतल्या हानोव्हरला गेलं, तिथं तबकड्या निघाल्या आणि पुन्हा जहाजानं इकडं विकायला आल्या. कलकत्त्यात कारखाना सुरू झाला तो 1908 साली. गंमत अशी की त्या तबकड्यांना लागणारी लाख बहुतेक आपल्याच देशातली. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेली. म्हणजे लाख इथून गेली, आवाज इथून गेला आणि दोन्ही एकजीव होऊन परत आले.

लाखेची तबकडी मिनिटाला 78 फेरे घ्यायची आणि एका बाजूला तीनेक मिनिटं वाजायची. हातातून सुटली की खापरासारखे तुकडे. पुढं विनाइल म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक आलं. ते फुटत नाही, पण उन्हात वाकतं. आमच्या माणदेशात ऊन काय चीज आहे, हे वेगळं सांगायला नको. पुण्याहून एस.टी.च्या टपावरून आलेली एक तबकडी उघडली, तेव्हा ताटाची परात झाली होती. अब्बांनी ती दोन काचांच्या मध्ये घालून उन्हात ठेवली, मऊ झाल्यावर सावलीत घेऊन वर दगड ठेवला, तेव्हा ती जरा सरळ झाली. तबकड्या ठेवायची आमची जागा म्हणजे जुन्या माळवदाखालची आतली खोली. तिथं भर वैशाखातही गारवा असायचा. आम्हा भावंडांना दुपारी तिथं झोपायला मिळायचं नाही, तबकड्यांना मिळायचं.

तबकड्या यायच्या पुण्याच्या एका दुकानदाराकडून. अब्बा कार्ड लिहायचे : अमुक गाणं असल्यास व्ही.पी.नं पाठवावं. आजच्या मुलांना व्ही.पी. माहीत नसेल. पोस्टमन पार्सल घेऊन दारात येतो, तुम्ही आधी पैसे मोजायचे आणि मग पार्सल उघडायचं. आत तबकडी निघते की फरशीचा तुकडा, हे पैसे देऊन झाल्यावरच कळणार. फुटलेली निघाली तर अब्बा मधला लेबलाचा तुकडा पाकिटात घालून परत पाठवत. दुकानदार काही न विचारता पुढच्या पार्सलात बदली तबकडी घालायचा. हे बरीच वर्षं चाललं. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही.

1983 च्या सुमारास अशाच एका पार्सलात न मागितलेली एक मोठी तबकडी आली. सोबत चिठ्ठी : नवीन आहे, लावून पाहा, नको असल्यास परत करा. तबकडीवर नाव होतं चरणजित सिंग. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग, आणि गाणारा कुणीच नाही. नुसतं यंत्र.

अब्बांनी ती एका वरातीत लावली. पाच मिनिटांत नवऱ्याचा मामा धावत आला. "भाई, मशीन बिघडलं का काय?" तबकडी उतरली ती पुन्हा कधी मांडवात चढली नाही. पण अब्बांनी ती परतही केली नाही. त्यांना तिचा एक उपयोग सापडला. तिच्यातला ठोका घड्याळासारखा एकसारखा. कर्ण्याची वायर कुठं सैल असली, आवाज कुठं तुटत असला, तर त्या ठोक्यावर लगेच कळायचं. संध्याकाळी कर्णे बांधून झाले की अब्बा हीच तबकडी लावून तपासणी करायचे. आणि सुई ठेवायचे ती नेमकी यमनावर. मी एकदा विचारलं, सुरुवातीपासून का लावत नाही? म्हणाले, "संध्याकाळ आहे ना रे." शाळा चौथीपर्यंत झालेला माणूस. राग कुणाकडे शिकला होता, देव जाणे.

पण सुई रोज एकाच जागी पडली की तिथली रेघ झिजते. यमन सुरू झाला की थोड्याच वेळात सुई टक् करून उडायची. आम्हा पोरांना वाटायचं, ते गाणंच तसं आहे.

पुढं कॅसेट आली, मग सीडी आली. कर्ण्यांच्या जागी भिंतीएवढे डबे आले. अब्बांचा धंदा बसला आणि 2004 साली अब्बाही गेले. खोकं तसंच राहिलं.

आता थोडं दूर जाऊ. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. गिटार, बास गिटार, सिंथेसायझर असं बरंच काही वाजवायचे. त्यांनी सिंगापूरहून जपानी रोलँड कंपनीची यंत्रं आणली. त्यातलं एक 303 नावाचं छोटं यंत्र. बास गिटारवाल्याऐवजी वापरायला म्हणून कंपनीनं काढलेलं. ते फारसं खपलं नाही आणि कंपनीनं बंदही केलं. चरणजितजींनी त्या यंत्रावर राग बसवले आणि 1982 साली तबकडी काढली. तीही खपली नाही.

इकडं अमेरिकेत ती टाकाऊ यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. शिकागोतल्या तरुणांच्या हाती ती लागली आणि 1987 साली 'ॲसिड ट्रॅक्स' नावाची तबकडी निघाली. शेजारच्या डेट्रॉइटमध्ये, मोटारींच्या कारखान्यांच्या त्या शहरात, कृष्णवर्णीय तरुणांनी ऐंशीच्या दशकात टेक्नो नावाचं संगीत उभं केलं. ठोका तोच, न थांबणारा. ते वाजवणारा दोन तबकड्या शेजारी शेजारी फिरवतो आणि एकीतून दुसरीत अशी वाट काढतो की नाचणाऱ्याचा पाय थांबू नये. म्हणून त्या मंडळींना तबकडीचं एवढं वेड. दुकानात थोड्याच प्रती येतात, संपल्या की संपल्या. मग या देशातला त्या देशातल्याकडून पोस्टानं मागवतो. आपल्या गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर असं संगीत रात्र रात्र वाजायचं, तिथं मात्र तबकडीऐवजी टेप वापरत. कारण तेच, आमच्या परातीचं. ऊन आणि धूळ.

2002 साली एडो बाऊमन नावाच्या डच माणसाला दिल्लीतल्या एका दुकानात चरणजितजींची ती तबकडी मिळाली. ऐकून तो चकित झाला. शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत हे कुणी केलं? 2010 साली त्यानं ती नव्यानं काढली. जगभर नाव झालं. वयाच्या सत्तरीत चरणजितजींनी युरोपात जाऊन कार्यक्रम केले. जुलै 2015 मध्ये ते मुंबईत वारले. त्यांच्या निधनाची बातमी पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं वाचली आणि मला फोन केला. "मामू, नानांच्या खोक्यात ती टिकटिकवाली रेकॉर्ड आहे ना अजून? विकू नका. म्हणजे, विका! पण मला विचारून विका."

भाच्यानं फोटो काढले, युरोपातला एक गिऱ्हाईक शोधला. तेव्हा माझ्या मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. त्या माणसानं सांगितलेल्या रकमेत फी भरून वर थोडं उरत होतं. आमच्या घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही, न जाणो काही बिघडायचं!

मग त्या माणसाचा प्रश्न आला : तबकडीची अवस्था कशी आहे? या व्यवहारात याला फार महत्त्व. अगदी कोरी, जवळजवळ कोरी, चांगली, बरी, अशा पायऱ्या ठरलेल्या असतात आणि पायरी उतरली की किंमत उतरते. भाचा म्हणाला, "जवळजवळ कोरी लिहू. फोटोत काही दिसत नाही." खरंच दिसत नव्हतं. केसाएवढी रेघ. ती दिसणारी नव्हती, ऐकू येणारी होती, आणि ऐकू येणार होती ती हजारो मैलांवर, पैसे माझ्या खात्यात जमा झाल्यावर.

श्रोतेहो, मी काही फार सज्जन माणूस आहे असं नाही. त्या रात्री मी भाच्याचं म्हणणं बराच वेळ मनात घोळवलं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "पोरीची फी तुम्हाला ठाऊक, रेकॉर्ड तुम्हाला ठाऊक. मला कशाला विचारता?" मग मला दारात उभा राहिलेला पोस्टमन आठवला. आधी पैसे, मग पार्सल. अब्बा आयुष्यभर पार्सल उघडणाऱ्याच्या बाजूला होते. या खेपेला उघडणारा दुसरा होता आणि पाठवणारा मी.

सकाळी भाच्याला सांगितलं, लिही : दुसऱ्या बाजूला यमन रागात, सुरुवातीलाच, सुई उडते. उत्तर आलं. किंमत तिसऱ्या हिश्शानं कमी झाली. फीला जेवढे कमी पडले त्यासाठी दोन शेळ्या विकल्या.

पाठवायची पद्धतही त्यानंच कळवली. तबकडी वेष्टणातून बाहेर काढून त्याच्या मागं वेगळी ठेवायची. नाहीतर प्रवासात धक्के बसून तिची कड वेष्टणाची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, तोही तबकडीपेक्षा मोठा, म्हणजे कोपरा आपटला तरी मार पुठ्ठ्याला बसतो. पुठ्ठा मी किराणा दुकानातून आणला, बिस्किटांच्या खोक्याचा. पोस्टात परदेशी पार्सलाचा फॉर्म भरावा लागतो. आत काय आहे, वजन किती, किंमत किती. कारकुनानं विचारलं, "आत काय लिहू?" मी म्हटलं, "जुनी ग्रामोफोन तबकडी, एक नग." म्हणाला, "असल्या वस्तूला परदेशात गिऱ्हाईक आहे?" मी म्हटलं, "आहे. इथं नव्हतं."

बोलून गेलो आणि मग वाईट वाटलं. कारण इथंही होतं. एक गिऱ्हाईक होतं, रोज संध्याकाळी यमन लावणारं. त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यानं कुणाला सांगितलं नाही.

आमच्या मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. ते 1937 साली गेले. भीमसेन जोशींना लहान वयात गाण्याची ओढ लागली ती खाँसाहेबांच्या तबकडीनं. ती तबकडी कुणी काढली, कुणी पेटीत भरली, कुणी गाडीत चढवली, कुणी दुकानात लावली, त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. पण त्यातल्या एकानं जरी हयगय केली असती, तर त्या पोराच्या कानावर ते गाणं त्या दिवशी पडलं नसतं. गाणाऱ्याचं नाव राहतं. पोचवणाऱ्याचं राहत नाही, पण त्याचं कामही गाण्यातच मुरलेलं असतं.

पार्सल पोचायला तीन आठवडे लागले. त्या माणसाचं पत्र आलं, चारच ओळींचं. भाच्यानं वाचून अर्थ सांगितला. तबकडी सुखरूप पोचली. पुठ्ठ्याला बिस्किटांचा वास आहे. यमनवर सुई उडते, तुम्ही लिहिलंत तिथंच. आभार.

मुलगी आता नोकरीला आहे. तिनं मला मोबाइलवर ते सगळे दहा राग काढून दिले आहेत. कधी संध्याकाळी ओट्यावर बसून मी यमन लावतो. आवाज स्वच्छ आहे, कुठं खरखर नाही. त्या जागी सुई उडत नाही, गाणं सरळ पुढं जातं. माझा कान मात्र तिथं थबकतो, अब्बा पुढं होऊन सुई उचलतील म्हणून.