रक्षकच जेव्हा वाट चुकतात
(वार्षिक सभेतील भाषण)



ल्यूपसचे निदान झाले की घरची मंडळी आम्हांला विचारतात, "मुलीच्या खाण्यापिण्यात आमचे काही चुकले का?" नाही, हे प्रथम सांगतो. या विकारात शरीराचे रक्षण करणाऱ्या बी-पेशीच आपल्या पेशीकेंद्रातील घटकांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करू लागतात. ती मूत्रपिंडात साचली की दाह होतो. दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात.

बी-पेशींचे गट अनेक: नवख्या पेशी, स्मृतिपेशी, प्रतिपिंडे स्रवणाऱ्या प्लाझ्मापेशी. सर्वांतील जनुके जवळजवळ सारखीच. भेद कोणती जागी व कोणती निद्रिस्त, एवढाच. पेटी एकच असली तरी कोणत्या पट्ट्या दाबल्या यावर राग ठरतो, तसे हे आहे. सीडी-२० या प्रथिनाचे जनुक नवख्या पेशींत व स्मृतिपेशींत जागे असते, पक्व प्लाझ्मापेशींत मात्र निद्रिस्त होते. म्हणूनच सीडी-२० हेरणारे रिटुक्सिमॅब दिल्यावरही काही रुग्णांत प्रतिपिंडे टिकून राहतात.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ल्यूपसमध्ये वाढणारा बी-पेशींचा एक उपगट तपशिलाने वर्णिला गेला. त्यात टी-बेट हे जनुक जागे असते आणि टीएलआर-७ या संवेदकाच्या इशाऱ्याला तो अतितीव्र प्रतिसाद देतो. २०२२ साली एका बालिकेच्या ल्यूपसचे मूळ टीएलआर-७ च्याच जनुकातील बदलात सापडले. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रियांच्या आधिक्याचे एक कारण येथे असावे, असे संशोधक मानतात.

त्याच वर्षी जर्मनीतील एर्लांगेन येथील वैद्यांनी पाच रुग्णांच्या टी-पेशी घडवून त्यांच्याकरवी बी-पेशींचा नायनाट केला. तीन महिन्यांत पाचही जणांचा विकार शमला. पुढे परतलेल्या बी-पेशी प्रामुख्याने नवख्या होत्या. जणू पाटी पुसून नव्याने अक्षरे गिरवली गेली. ल्यूपससाठी ही पद्धत मात्र अद्याप चाचण्यांच्या टप्प्यात आहे व अतिशय खर्चिक आहे.

तोवर रुग्णाला सावरतात त्या साध्याच गोष्टी: हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची नित्य गोळी, लघवीतील प्रथिनांची नियमित तपासणी, डोळ्यांची वेळच्या वेळी परीक्षा. बरे वाटू लागले म्हणून औषध परस्पर थांबवू नये, ही आप्तेष्टांना विनंती. आणि पैशाअभावी कोणाची तपासणी चुकू नये, एवढेच आमचे देणगीदारांकडे मागणे आहे. मूत्रपिंडाची हानी पुष्कळदा वेदनेविना होते. ती वेळीच उघडकीस आणणारी लघवीची चाचणी फार थोड्या खर्चाची असते.