मागून आणलेली पुस्तके



ग्रंथांवरील व्याख्यानाचा आरंभ ग्रंथमाहात्म्याने करावा अशी आपल्याकडे रीत आहे. ती मोडून आज आम्ही एका खोट्या चिठ्ठीपासून सुरुवात करतो. अमेरिकेतील मेम्फिस शहरात सार्वजनिक ग्रंथालय होते. परंतु काळ्या माणसास तेथून पुस्तक मिळत नसे. रिचर्ड राइट नावाचा कृष्णवर्णीय तरुण त्या शहरात नोकरीस होता. बरोबर काम करणाऱ्या एका गोऱ्या गृहस्थाकडून त्याने ग्रंथालयाचे कार्ड मागून घेतले, त्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि साहेबांचा निरोप्या असल्याची बतावणी करून पुस्तके आणली. हा प्रसंग त्याने 'ब्लॅक बॉय' या १९४५ सालच्या आत्मचरित्रात सांगितला आहे. राइट पुढे मोठा लेखक झाला. पण आम्हांस त्या कार्ड देणाऱ्याचेही कौतुक वाटते.

आपण म्हणाल, कोठे मेम्फिस आणि कोठे मुखेड! पण ही वाट जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानास पत्र लिहिले. तेथील काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे गाऱ्हाणे मांडल्याचे त्यांच्या वाचनात आले होते; त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मिळतील काय, असे त्यांनी विचारले. ड्यू बॉइस यांनी उत्तरी प्रत पाठविण्याचे कबूल केले. दोन-तीन कशासाठी? स्वतःपुरती एक पुरे होती. उरलेल्या कोणाला तरी द्यावयाच्या असणार, असा आमचा तर्क आहे.

मराठवाड्यात ही वाट औरंगाबादेवरून आली. १९५० साली बाबासाहेबांनी तेथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. ज्यांच्या घरात पाटीदेखील नव्हती अशी खेड्यांतली मुले तेथे शिकली. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे यांनी तेथे काळ्यांच्या साहित्याची चर्चा सुरू केली. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालविले आणि लेखक-वाचकांचे मेळावे भरविले. लेखक आणि वाचक एकाच पंगतीला! मराठीत ही गोष्ट तशी दुर्मिळच. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने तर नावच अमेरिकेतून घेतले. आणि आपल्या शेजारच्या लातूरचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील काळ्यांचे साहित्य आणि संस्कृती यांवर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो १९७८ साली.

हे साल जरा आठवा. त्याच वर्षी दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले. आणि त्याच वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या. आपला नांदेड जिल्हा त्यातून सुटला नाही. नामविस्तारास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ग्रंथ होते, विद्वान होते, मग हे कसे घडले? आम्हांस एक कारण दिसते. पुस्तक वस्तीतून वस्तीत फिरले आणि त्याने माणसे जोडली; पण गावकुसाच्या आत ते क्वचितच आले. आत ज्यांना ते वाचता आले असते, त्यांनी ते मागितलेच नाही.

आज आपण दलित साहित्य अभ्यासक्रमात लावतो, सभांतून गौरवितो. मागून वाचणे मात्र अजून जड जाते, कारण मागावयाचे म्हणजे दुसऱ्याच्या दारी जावे लागते, घडीभर बसावे लागते, चहा झाला तर तो घ्यावा लागतो. आणि पुस्तक परत करावयाचे म्हणजे पुन्हा जावे लागते. गौरवास एवढे कष्ट पडत नाहीत.

आमच्या पिशवीत 'बलुतं'ची एक प्रत आहे. मुखपृष्ठ सुटलेले, दोन पाने शिवलेली. सभा संपल्यावर ज्यास हवी त्याने न्यावी. मागच्या कोऱ्या पानावर आपले नाव आणि गल्ली लिहावी, आणि महिन्याने ती दुसऱ्या गल्लीतल्या माणसाच्या घरी स्वतः नेऊन द्यावी. निरोप्याकरवी पाठवू नये. पुढल्या वसंतात आम्हांस बोलावलेत, तर आम्ही प्रथम ते मागचे पान पाहावयास मागू.