पाणी सोडणारा आजारी पडला तर

पटकी, कावीळ, गॅस्ट्रो हे रोग पाण्यातून येतात, म्हणून साथ म्हटली की आपले लक्ष पाण्याच्या शुद्धतेकडे जाते. कोविडची तऱ्हा वेगळी होती. तो विषाणू नळातून पसरला नाही. नळ चालवणाऱ्या माणसाला मात्र तो गाठू शकत होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, पुण्या-मुंबईची माणसे गावाकडे परतली, घरोघरी वारंवार हात धुणे सुरू झाले. पाण्याची गरज वाढली आणि नेमका तेव्हाच पाणी देणारा हात धोक्यात आला. शहरात खात्याला पाळ्या बदलता येतात, एका केंद्रावरचा माणूस दुसरीकडे पाठवता येतो. घोड नदीच्या खोऱ्यात वाड्यावस्त्यांनी पसरलेल्या कवठे येमाईसारख्या गावांना ही सोय कुठली? कोणत्या आळीचा व्हॉल्व्ह किती वेळ उघडायचा, उंचावरच्या वस्तीला आधी पाणी कसे द्यायचे, कुठला जोड गळतो, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायचे, हे बहुतेक गावांत एका-दोघांच्या डोक्यात असते, कागदावर नसते. म्हणून माझे म्हणणे असे की, पाणीयोजनेची ताकद टाकी किती लिटरची आहे यावरून जोखू नये. पाणी सोडणारा हा माणूस दोन आठवडे विलगीकरणात गेला तर गावाचे काय होईल, यावरून जोखावी.

कोणी म्हणेल, गावोगाव नळ तर चालू राहिले! राहिले, आणि ज्यांनी जोखीम घेऊन ते चालू ठेवले त्यांचे ऋण मोठे आहे. पण माणसाच्या निष्ठेवर निभावले याचा अर्थ संस्थेची तयारी होती असा होत नाही. शिवाय पाणी येणे आणि सुरक्षित पाणी येणे यांत अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावे, असे सुचवले होते. नवख्या हाताला मोटार चालू करता येते. पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी आणि क्लोरीनचा अंदाज राहून गेला तर ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. गावकारभाराची वरची फळीही तेव्हा विरळ झाली होती. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक आले. राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुकीचे मतदान व्हायला १५ जानेवारी २०२१ उजाडले.

याहून गंभीर गाठ पगाराची आहे. ग्रामपंचायत कर्मचाऱ्याच्या वेतनातला शासनाचा वाटा करवसुलीच्या टक्केवारीशी बांधलेला आहे. साथीत रोजगार बुडतात, पाणीपट्टी थकते, वसुली घसरते. म्हणजे ज्याची गरज सर्वाधिक, त्याचाच पगार अडण्याची भीती. वसुलीची अट काढली तर लोक पट्टी भरणार नाहीत, हा आक्षेप पोकळ नाही. एरवी ती अट राहू द्यावी. पण जाहीर झालेल्या साथीच्या काळापुरती तरी ती आपोआप थांबली पाहिजे. वसुलीचे ओझे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याच्या पोटावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

यंत्रे बसवा, माणूस लागणारच नाही, असेही सुचवले जाते. पंप आपोआप चालू-बंद होईल; फुटलेला पाइप मात्र कोणाला तरी खणून काढावाच लागतो. पैशाची सबब तर टिकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या ग्रामपंचायत अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. व्हॉल्व्हचा नकाशा भिंतीवर लावणे, गावातल्या दोन तरुण-तरुणींना वर्षातून काही दिवस प्रत्यक्ष पाणी सोडायला लावणे, याला मोठा खर्च नाही. शेजारच्या गावांनी गरजेला एकमेकांना माणूस देण्याचा ठरावही आजच करून ठेवावा, कारण २०२० मध्ये ग्रामसभा भरवण्यालाच स्थगिती होती.